एकाचं तोंड, दुसऱ्याचा कान

बाईंच्या दुकानात केबली बांगड्या घालून असत. भिंतीला खिळ्यांची एक लांब रांग होती. प्रत्येक खिळ्याला एक केबल वेटोळं करून टांगलेली, आणि वेटोळं सुटू नये म्हणून त्याला प्लास्टिकची बांगडी चढवलेली. हिरवी बांगडी म्हणजे केबल तपासलेली आहे. लाल म्हणजे तिच्यावर अजून भरवसा नाही. नवं गिऱ्हाईक आलं की आधी भिंतीकडे बघायचं, मग बाईंच्या मोकळ्या मनगटांकडे बघायचं, आणि गुपचूप आपलं सामान टेबलावर ठेवायचं.

या बांगड्या त्यांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळाल्या होत्या. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी बायका तशा गोड बोलतात, पण हात मोकळे ठेवणारी बाई त्यांना बघवत नाही. त्या वर्षी दोघीतिघींनी ठरवून बाईंना वाण म्हणून बांगड्याच दिल्या. एक तर म्हणालीसुद्धा, की निदान सणाला तरी घालाव्यात. बाईंनी बांगड्या पदरात घेतल्या आणि म्हणाल्या, "मी करंटच्या पॅनेलमध्ये हात घालते. या घालून घातला, तर पुढच्या संक्रांतीला तुमचं एक वाण वाचेल." दुसऱ्या दिवशी त्या बांगड्या केबलींना चढल्या. मग त्या बायकाच कधी मिक्सर, कधी पंखा घेऊन दुकानात आल्या की भिंतीकडे बघणं टाळायच्या.

बाई आयटीआयमध्ये शिकवायच्या. इलेक्ट्रिकलच्या वर्गात सगळी मुलं आणि शिकवणारी ही एकटी बाई. नोकरी संपल्यावर त्यांनी खासगी बाजारच्या गल्लीतल्या आपल्या घराची पुढची खोली मोकळी केली, एक टेबल टाकलं, आणि दुकान सुरू झालं. पाटी लावली नाही. ज्याला काम आहे तो विचारत येईल, असं त्यांचं म्हणणं. लग्नही केलं नव्हतं. कोणी कारण विचारलं तर म्हणायच्या, की हातात काम होतं, मधून उठता आलं नाही.

त्यांचं काम ड्राइव्हचं. मोठ्या मोटरीच्या आधी एक डबा बसवलेला असतो. मोटर किती वेगाने फिरेल, कधी थांबेल, हे तो डबा सांभाळतो. त्याला ड्राइव्ह म्हणतात. आणि त्या ड्राइव्हला काय करायचं ते कॉम्प्युटर सांगतो. दोघांच्या मध्ये एक केबल असते, सिरीयल केबल, टोकाला नऊ पिनांचा प्लग. बाई म्हणायच्या, ड्राइव्ह सहसा मरत नाही, कॉम्प्युटरही मरत नाही, दोघांचं बोलणं बंद पडतं आणि लोक एकाला तरी जाळायला नेतात.

गिऱ्हाईक येऊन म्हणालं, ड्राइव खराब है, की बाई चष्म्यावरून बघायच्या. "किसने कहा? उसने खुद कहा?" पुष्कळ लोकांना हे आवडायचं नाही. पण दुसरीकडे फिरून ते परत इथेच यायचे.

मी त्यांच्याकडे पोळ्या करायला जात होते. काम झालं की मागच्या दाराने निघून जायची. पुढच्या खोलीत नेहमी पुरुष बसलेले, आणि मला परक्या माणसांसमोर तोंड उघडायला जमत नाही, अजूनही फारसं जमत नाही. एक दिवस बाई लांब केबल घेऊन बसल्या होत्या, एक टोक पुढच्या खोलीत, दुसरं अंगणात, आणि मदतीला कोणी नव्हतं. त्यांनी मला हाक मारली. विचारलं, किती शिकलीस. मी म्हटलं, चौथी.

"नंबर वाचता येतात?"

"येतात."

"नऊपर्यंतच लागतात. ये."

त्यांची पद्धत अशी होती. केबल दोन्हीकडून काढून घ्यायची. मी माझ्या टोकाला एक तार पाचव्या, म्हणजे दोन्ही टोकांना सामायिक असलेल्या तारेशी जोडायची आणि तिचा नंबर मोठ्याने सांगायचा. बाई पलीकडच्या टोकाला मीटर लावून बघायच्या, माझी तार तिकडे कुठल्या पिनवर निघते, आणि तो नंबर मोठ्याने सांगायच्या. मी "दोन" म्हणायचं, त्यांनी "दोन" म्हणायचं. म्हणजे तार सरळ गेली. त्यांनी "तीन" म्हटलं, तर तार मध्ये कुठे तरी वळली. एक एक तार अशी हाक घालून तपासायची. याला त्या हजेरी म्हणत. फोन चालायचा नाही. फोनवर माणूस नुसतं हो हो म्हणतो, असं त्यांचं मत होतं.

पहिल्या दिवशी मी नंबर सांगायच्या ऐवजी मान हलवली. अंगणातून आवाज आला, "मान हलवलेली तारेतून येत नाही. बोल."

मी बोलले. त्यांनी पुन्हा बोलायला लावलं, आणखी मोठ्याने. त्या दिवसापासून पोळ्या लवकर उरकून मी पुढच्या खोलीत थांबायला लागले, आणि पुढे माझं कामच ते झालं.

बाईंची एक गोष्ट सांगायलाच हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. त्या चुकत नसत. म्हणजे चुकायच्या आपल्यासारख्याच, पण कबूल करायच्या नाहीत. एकदा पाटणकर बाजारात कोणाकडे सत्यनारायण होता. बाई भलत्याच घरात शिरल्या. तिथेही पूजा चालू होती, म्हणून त्या बसल्या, कथा ऐकली, प्रसाद घेतला, वर त्या लोकांना सांगितलं की तुमचा पंखा कुरकुरतोय, कंडेन्सर बदला. निघताना उलगडा झाला. ज्यांनी बोलावलं होतं ते बिचारे पलीकडच्या जिन्यावर वाट बघत होते. ते हसायला लागले, तर बाई म्हणाल्या, "मी बरोबर घरी आले होते. तुम्ही पूजा दुसरीकडे ठेवलीत." आणि ते इतक्या गंभीरपणे, की त्या माणसाने माफी मागितली. दुकानातही तेच. त्यांनी दिलेला टाका सुटला तर सोल्डर हल्ली हलकं येतं. चष्मा सापडला नाही तर मी तो जागेवर ठेवला नसणार, मग तो त्यांच्याच डोक्यावर का असेना.

केस बॉबकट, पण कानामागे एक आकडा कायम खोचलेला. तो केसांसाठी नव्हताच. बाहेर कामाला गेलं की बाई आपला जुना, जाडजूड लॅपटॉप किराण्याच्या पिशवीतून काढायच्या, कारण नव्या लॅपटॉपांना ते नऊ पिनांचं भोक नसतं. केबल लावायच्या, आणि पलीकडच्या टोकाला दुसरी आणि तिसरी पिन त्या आकड्याने जोडून टाकायच्या. मग काळ्या पडद्यावर टाइप करायच्या, नमस्कार. इंग्रजी अक्षरांत, पण नमस्कारच. गेलेला शब्द केबलीच्या टोकावरून वळून परत यायचा आणि पडद्यावर उमटायचा. नमस्कार परत आला की कॉम्प्युटर बरा आहे आणि तार तुटलेली नाही. नाही आला तर बाई पडद्याला म्हणायच्या, "बरं, राग आहे का?" हे त्या भर कारखान्यात, चार माणसांत म्हणायच्या. मला तेव्हा लाज वाटायची. आता वाटत नाही.

त्यांचा एक पाठ ग्वाल्हेरच्या अर्ध्या इलेक्ट्रिशियनांना पाठ आहे. नऊ पिनांतली एक पिन बोलते आणि एक ऐकते, त्याच त्या दुसरी आणि तिसरी. दोन्हीकडून तारा सरळ जोडल्या तर बोलणाऱ्याच्या तोंडासमोर बोलणाऱ्याचं तोंड येतं, ऐकणाऱ्यासमोर ऐकणाऱ्याचा कान, आणि कोणालाच काही कळत नाही. म्हणून त्या दोन तारांची मध्ये फुली करायची. वर्गात बाई टेबलावर हात आपटून विचारायच्या, "एक का मुँह?" आणि सगळा वर्ग ओरडायचा, "दूसरे का कान!" फुली केली तिथे तारांवर पिवळी नळी चढवायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं, हीसुद्धा त्यांचीच शिकवण.

आम्ही महाराज बाड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या चौकात, भाजी घ्यायला गेलो की गर्दीतून कुठून तरी आवाज यायचा, "दूसरे का कान, मैडम!" बघावं तर मोटरसायकलवर एखादा टक्कल पडलेला माणूस, पुढे नातू बसवलेला. बाई मागे न वळता नुसता हात वर करायच्या आणि भाजीवाल्याशी घासाघीस चालू ठेवायच्या. मी पिशवी धरून शेजारी असायची. एवढ्या मोठ्या बाड्यावर त्या माणसाने हाक मारली ती आमच्या बाईंना, हे मला फार मोठं वाटायचं.

त्यांच्या या विद्यार्थ्यांतला एक मुन्नालाल. शहराबाहेर एका दगडाच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता. तिथे आपल्याकडच्या दगडातून जाळ्या कोरणारी मोठी मशीन आहे. एका पावसाळ्यात उंदरांनी तिची केबल कुरतडली, आणि पॅनेलच्या आतल्या तारापण खाल्ल्या. मुन्नालालने नवीन केबल लावली, आतल्या तारा नव्या घातल्या, सगळं नीट केलं, तरी मशीन हलेना. कॉम्प्युटर म्हणे, पलीकडे कोणी नाही. कारखान्याच्या सेठजींची खात्री झाली, की तारा घालताना मुन्नालालने ड्राइव्ह जाळला. त्यांनी त्याला सांगून टाकलं, की ड्राइव्ह जळलेला निघाला तर संध्याकाळी हिशेब घेऊन घरी जा. मुन्नालालनेच हातापाया पडून म्हटलं, एकदा मैडमना बघू द्या.

आम्ही टेम्पोने पोचलो तेव्हा अंगणात एका प्लास्टिकच्या खुर्चीवर एक माणूस अवजारांची पेटी घेऊन बसला होता. नवा इलेक्ट्रिशियन. सेठजींनी त्याला बोलावूनच ठेवलं होतं. मुन्नालाल पॅनेलपाशी उभा होता. घरात कमावणारा तो एकटा, हे मला माहीत होतं, कारण दिवाळीला तो बायको आणि मुलींना घेऊन बाईंकडे यायचा. त्या दिवशी त्याने मला नमस्कारही केला नाही. त्याला दिसलेच नसेन.

सेठजी तसे रागीट नव्हते, पण जिभेचे तिखट. म्हणाले, "मैडम, चूहों ने तार खाए, इसने मशीन खा ली।" खुर्चीवरचा माणूस हसला. बाई हसल्या नाहीत. करंटच्या कामाआधी नेहमी काढायच्या तसं त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि ऑफिसात जाऊन पिशवीतून लॅपटॉप काढला.

केबल ऑफिसातून निघून अंगण ओलांडून पॅनेलच्या दारावरच्या सॉकेटपर्यंत जात होती. बाजारातून आणलेली, तयार प्लगांची. मी पॅनेलच्या टोकाला प्लग काढून आकडा लावला. बाईंनी नमस्कार टाइप केला. नमस्कार परत आला. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा आला.

सेठजी त्यांच्या मागे उभे राहून बघत होते. त्यांना कळलं, की कॉम्प्युटर चांगला, केबलही चांगली. मग राहिलं काय? ते मुन्नालालकडे वळून म्हणाले, की आता तरी कबूल कर. खुर्चीवरच्या माणसाने पेटीचं झाकण उघडलं.

 बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. विचार करायचा असला की त्या अशाच बसायच्या, कोणाच्या घरी असो की कारखान्यात. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "हजेरी घेऊ."

अंगणात दगड उचलणारी, घासणारी सगळी माणसं काम टाकून उभी होती. मशीन बंद, त्यामुळे त्यांना दुसरं काम नव्हतं. बाई ऑफिसात, मी पॅनेलशी, मध्ये ते सगळे. मी तार जोडली आणि म्हटलं, दोन. तिकडून काही आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. एक पोरगा हसत म्हणाला, आंटी, हमें ही नहीं सुनाई दिया. मी मुन्नालालकडे पाहिलं. त्याने हात जोडले होते, कोणाला ते माहीत नाही. मग मी पोटातून ओरडले, "दोन!"

ऑफिसातून उत्तर आलं, "तीन!"

"तीन!"

"दोन!"

बाकीच्या तारा सरळ होत्या. या दोनच वळलेल्या. म्हणजे बाजारातली ती केबल जिथे बनली तिथूनच फुली करून आलेली होती. बाहेरून तशा आणि साध्या केबलीत काही फरक दिसत नाही. आकड्याच्या परीक्षेतही कळत नाही, कारण तिथे तोंड आणि कान एकत्र बांधूनच टाकलेले असतात.

बाई अंगण ओलांडून आल्या आणि त्यांनी पॅनेलचं दार उघडलं. सॉकेटपासून ड्राइव्हपर्यंत मुन्नालालने घातलेल्या तारा होत्या, अगदी देखण्या, एकही वाकडी नाही. त्यांतल्या दोन तारा एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या, आणि दोघींवर पिवळी नळी होती.

बाई त्या पिवळ्या नळीकडे खूप वेळ बघत राहिल्या. मीही बघितलं, आणि मला कळलं. केबलीत एक फुली होतीच. मुन्नालालने शिकवल्याप्रमाणे इमानाने दुसरी केली. दोनदा वळलेलं परत सरळ झालं. तोंडासमोर पुन्हा तोंड.

त्या दोन तारांची अदलाबदल करणं म्हणजे दोन स्क्रू ढिले करून पुन्हा कसणं. बाईंनी ते केलं. ऑफिसातून कोणी तरी ओरडलं, आया, आया, कनेक्शन आया. अंगणात गलका झाला. मोटर हळू घुमली, मग मशीनचं डोकं सरकलं. मुन्नालाल पॅनेलला टेकून खाली बसला.

मला वाटलं, बाई आता सांगतील, तार ढिली होती, ती घट्ट केली. कोणालाही खरं वाटलं असतं. मुन्नालालची नोकरी वाचली असती आणि आम्ही चहा पिऊन निघालो असतो. मी मनात म्हणत होते, तसंच सांगा.

सेठजींनी विचारलं, काय झालं होतं. बाईंनी सगळं सांगितलं. केबलीतली फुली, आतली फुली, सगळं. तारेबद्दल त्या खोटं बोलायच्या नाहीत. ऐकून सेठजी मुन्नालालकडे वळले आणि म्हणाले, "मतलब गलती इसी की थी।"

"नहीं," बाई म्हणाल्या. "गलती मेरी है।"

सेठजींना वाटलं, म्हाताऱ्या बाई आपल्या विद्यार्थ्याला झाकताहेत. ते समजुतीने हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पॅनेलवर ठेवला आणि वर्गात बोलाव्यात तशा बोलल्या, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. "मैंने इन सबको सिखाया कि क्रॉस करो। यह नहीं सिखाया कि पहले देखो, कोई और तो नहीं कर गया। मैंने आधा पढ़ाया, इसने पूरा किया। इसको निकालना है तो पहले मुझसे लड़िए।"

मी त्यांच्याकडे इतकी वर्षं होते. हा शब्द, की चूक माझी, मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. तो बोलताना त्यांची मान अजिबात खाली गेली नाही. उलट मला वाटलं, त्या थोड्या उंच झाल्या.

सेठजींनी एकदा चालू मशीनकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या माणसाला म्हणाले, चाय पी के जाना. तो उठला. मुन्नालाल पुढे येऊन पाया पडायला वाकला, तर बाई म्हणाल्या, "पहले ढक्कन लगा। पैनल खुला है।"

 परतताना टेम्पोत घड्याळ मी हातात दिलं, ते त्यांनी मांडीवर ठेवलं. बाडा आला तेव्हा मला म्हणाल्या, "ज्यांचे नंबर आहेत त्या सगळ्यांना फोन लाव. रविवारी बोलाव. सांग, मॅडमचा एक पाठ राहिलाय."

फोन मी लावले. अनोळखी पुरुषांना, एकामागून एक. काहींना वाटलं, बाई गेल्या आणि मी तेच सांगायला फोन केलाय. पाठ राहिलाय म्हटल्यावर ते हसायचे, आणि मग म्हणायचे, येतो.

रविवारी गल्लीत स्कूटरी लावायला जागा उरली नाही. पांढऱ्या केसांची, ढेऱ्या सुटलेली माणसं पुढच्या खोलीत मांडी घालून बसली, उरलेली ओसरीवर, दाराबाहेर. एकाने वही आणली होती, बाकीच्यांनी त्याची टर उडवली. मी केबलचं एक टोक धरून बाईंच्या शेजारी उभी होते, आणि एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत याचं त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. बाई मात्र सुरू करेनात. खुर्चीवर बसून राहिल्या. कोणी तरी म्हणालं, मैडम, सब आ गए. त्या म्हणाल्या, रुको.

मुन्नालाल उशिरा आला. कारखाना रविवारी चालू होता, सुटी मागून यावं लागलं. तो दारातच घुटमळला. बाईंनी विचारलं, सेठने सुटी दिली? त्याने मान हलवली. काय म्हणाले? तो चपला काढू लागला. बाई म्हणाल्या, "बोल।"

"कह रहे थे," मुन्नालाल जमिनीकडे बघत म्हणाला, "जा, अपनी मैडम की गलती ठीक करवा के आ।"

 कोणी बाईंकडे बघेना. आणि मग बाई हसल्या, मोठ्याने, खांदे हलेपर्यंत. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"सही कह रहे थे," त्या म्हणाल्या. "आ, आगे बैठ। तेरे लिए ही रुके थे।"